पाठीला पाठ

धानाची रोवणी मागं सरकत करतात, म्हणून दोन टोकांकडून निघालेल्या बायका बांधीच्या मधोमध पाठीला पाठ लागून थांबल्या. बांधी, दोघींच्या सामाईक शेताचा तो तुकडा, एकच, पण इकडची रोवणी जमुनाबाईच्या हुकमानं सरळ, तिकडची तिच्या जावेच्या, सुशिलाबाईच्या हुकमानं तिरपी. मधात हातभर चिखल उघडा राहिला. तिथं जी रोप खोचेल, तिला दुसरीची ओळ धरावी लागणार.

जमुनाबाईचा मुलगा टिकाराम दोरी घेऊन उभाच होता. "लावत नसाल तं सांगा. इथंच मधात बांध घालून धुरा टाकतो. आजपासून दोन हिस्से."

बांधी तुटली की चूल तुटायला वेळ लागत नाही, हे जमुनाबाईला ठाऊक होतं. पण आधी वाकायचं ते कोणी?

बंगलोरहून आलेली नात, रश्मी, तो पट्टा बघून हसली.

"काऊन हासून राहिली वो?" जमुनाबाईनं विचारलं.

"आजी, मी तिकडे हेच शिकते. जग नवंनवं होतं तेव्हा नुसतं धगधगत होतं, कुठं दिशाच नव्हती. मग निवलं. निवताना ज्या त्या जागेनं आपापली दिशा धरली. लांबच्या जागेला दुसरी जागा दिसत नव्हती. दोन दिशा भिडल्या तिथं भिंत झाली, अन् भिंतीच्या कडेला धागा."

"आभाळात भित्त? दिसत तं नाही."

"मोडल्या असतील. राहिल्या असत्या तर त्यांनीच सगळं गिळलं असतं. चुरा उरला असेल, त्याच्या कणांना ॲक्सिऑन म्हणतात. तोच शोधतोय आम्ही."

"मोडल्या कायनं?"

"दोन्ही बाजू तोलामोलाच्या असल्या तर भिंत हलत नाही. एक बाजू जराशी खाली असावी लागते. मग तीच पसरत जाते, भिंत सरकत सरकत संपते."

"खालची पसरते?"

"खालचीच."

जमुनाबाईनं रोपांची पेंडी उचलली. "ऐकलं का वो सुशिले? खाली मी. तुही तिरपी ओळ मी धरतो. मांगून म्हनू नको, जमुनाले तिरपं येत नाही."

सुशिलाबाई गर्रकन वळली. "वा बाई! मोठेपन तुमी फुकटात घेऊन जाता? खाली मी. तुमची सरळ मी धरतो."

"सरक तिकडे!"

"तुमीच सरका!"

"आता पुन्हा सारख्याच झाल्या," रश्मी पुटपुटली.

दोघी समोरासमोर वाकल्या. एक रोप तिरपं, एक सरळ, दोन एकाच जागी. चिखल दोघींच्या तोंडावर उडत होता, अन् तोंडं काही थांबत नव्हती.

टिकाराम दोरी घेऊन पुढं आला. दोरी टाकायला त्याला तिथं ओळच सापडेना.