दारातली खुर्ची

स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात तपासणीच्या बाई आल्या. कठडे हलवून, नळाचं गरम पाणी हातावर घेऊन, आगीच्या वेळी पळायच्या दारापाशी थांबल्या. दारातच आमचे हे खुर्ची टाकून बसलेले. “बायको यायचीय, उठणार नाही!” “खुर्ची हलली नाही, तर आजोबांना वरच्या कुलूपबंद मजल्यावर न्या,” बाई म्हणाल्या. मी शेजारीच उभी. ‘अहो, मीच ती’ हे सांगून रोज जीभ झिजायची, रोज भांडण व्हायचं. माघार माझ्या स्वभावात नाही, तरी आज म्हटलं, “तुमची बायको पुढच्या फाटकातून येईल. खिडकीशी बसा, लगेच दिसेल.” ह्यांनी मुकाट्याने खुर्ची खिडकीशी नेली. बाईंनी दार उघडून पाहिलं, मान डोलावली. हे मला म्हणाले, “तुम्ही समजूतदार आहात. आमची ही असती, तर भांडत बसली असती.” “फार भांडखोर आहे मेली,” मी म्हटलं.