धुळ्याच्या धावपट्टीचा अंदाज

छोट्या विमानांच्या बाजाराचा वार्षिक अंदाज यंत्राने काढला, त्यात धुळ्यापुढे ‘शून्य उड्डाणं’ असं आलं. यंत्राचा अंदाज कधीच चुकत नसे, त्यामुळे तो वाचून विमानकंपनीने तिथलं रुग्णविमान सकाळीच नाशिकला हलवलं.

“अगं कुमुद, एवढी मोठी सल्लागार तू, मामाच्या गावाला चार उड्डाणं वाढव की!” धावपट्टी सांभाळणारे हिरालालमामा फोनवर हसले. मामीचं हृदय अधू होतं, त्यामुळे ते हसू काही खरं नव्हतं.

यंत्राच्या अंदाजावर शेवटचा हात माणसाने फिरवायचा, ही सल्लागारांची जुनी रीत. कुमुदने चार लिहिले. पडद्यावर उमटलं, ‘कुमुद चार वाढवील हे धरून चार आधीच वजा केले आहेत.’ तिने नऊ लिहिले, तर नऊ वजा.

“मामा, याने माझी मायासुद्धा मोजून ठेवलीय हो.”

“मग तुझ्या मामीचं काय लिहिलंय त्यात?”

कुमुदने पान उलटलं. तिथे धुळ्याच्या रुग्णांच्या प्रवासाचा अंदाज होता. मामीच्या नावापुढे होतं, ‘मुंबईकडे, रस्त्याने.’ पोहोचण्याच्या वेळेचा रकाना कोरा होता. पुढे कधीतरी उशिरा निघाल्यामुळे मामी वाटेतच जाणार, असा अर्थ कुमुदने लावला.

“तिला आजच्या आज मुंबईला आणा!”

“आज? बरं, गाडी सांगतो,” म्हणत मामांनी फोन ठेवला.

मग कुमुदला त्याच ओळीत निघण्याची तारीख दिसली. आजचीच होती. तिने फोन लावला. मामांचा फोन गाडीवाल्याशी बोलण्यात गुंतला होता.