बादलीतल्या पट्ट्या

कचऱ्याच्या बादलीतली पपईची साल ओलीच होती. रत्नमालाच्या मनगटावर चार गोल चट्टे होते. एक मांजर माणसासारखं कण्हत होतं.

नवरा जाऊन तिसरा दिवस. पूर्वी शेजारणी पिठलं-भात आणायच्या, आता पट्ट्या आणतात. पट्टी दहा मिनिटं दुःखी माणसाच्या मनगटावर लावायची, आणि तिनं दुःख शोषलं की आपल्या हातावर चिकटवून ते दिवसभर सोसायचं.

"आण गं हात," सकाळी भोइटेवहिनी म्हणाल्या होत्या. "एकटीनं किती सोसशील? आम्ही काय मेलोय का?"

रत्नमालाला खरंच हलकं वाटलं. म्हणून तर ती कचरा टाकायला खाली उतरली. सोसायटीच्या बादलीत तिचं नाव लिहिलेल्या चारही पट्ट्या पडल्या होत्या, पपईच्या गरात लडबडलेल्या, मुंग्या लागलेल्या. मांजर त्यातलीच एक चाटत होतं.

तिनं मांजर हाकललं आणि बादलीत हात घातला.

"अगं, शी! घाणीत काय शोधतेस?" वहिनी खिडकीतून ओरडल्या.

"माझा नवरा आहे तो, वहिनी."

बिया पुसून तिनं एकेक पट्टी परत मनगटावर चिकटवली.

गेल्या वर्षी भोइटेवहिनींचा मुलगा गेला, तेव्हा त्यांची पट्टी रत्नमालानं संडासात टाकून वर पाणी ओतलं होतं.