उष्टी हळद

नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद थोरल्या भावजयीनंच नवरीकडं न्यायची, ही घरची रीत. म्हणून हळदीची वाटी मांडीवर घेऊन शालन जीपमध्ये नवऱ्याशेजारी बसली होती. बायकांचा टेम्पो केव्हाच पुढं गेला होता.

सकाळी दिराच्या गालाला हळद लावताना तिनं नजर दुसरीकडं वळवली होती आणि त्यानं डोळे गच्च मिटले होते. इतकी वर्षं एका छपराखाली राहून दोघांनी एवढंच केलं होतं, एकमेकांकडं बघायचं टाळलं होतं.

वाटेत तिचा नवरा महादेव पाण्याची बाटली आणायला उतरला. शालननं वाटीत बोट बुडवलं आणि ती उष्टी हळद स्वतःच्या गालाला लावली. पुसायला पदर उचलला, तोच खिडकीशी नवरा दिसला.

तो आत बसला, पण त्यानं गाडी सुरू केली नाही. “लग्न कर म्हटलं, तर धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्याकडं बघितलं त्यानं. तेव्हाच उमगलं मला.”

“माझं पाऊल कधी वाकडं पडलं नाही हो,” ती कशीबशी म्हणाली.

“ठाऊक आहे. पडलं असतं, तर तुला माहेरी धाडून मोकळा झालो असतो. आता कुणावर चिडू?” त्यानं रुमाल तिच्या मांडीवर टाकला. “पूस.”

तिनं पुसलं, तसा पिवळा डाग गालभर पसरला.

मांडवात पाटावर बसलेल्या नवरीनं लाजत गाल पुढं केला. “ताई, पहिली हळद तुमच्याच हातची.”

शालननं तेच बोट पुन्हा वाटीत बुडवलं.