बिनआवाजाची सायकल

सन अडतीस. मिठागराच्या साहेबाची इंजिनाची सायकल वाटभर फटाके फोडत यायची. रघू मिस्त्रीने तीन दिवस डोकं खपवलं. प्लग घासला, कार्बोरेटर धुतला. शेवटी ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या पॉइंटांमधली फट नीट केली तेव्हा कुठे फटाके थांबून इंजिन हळू आवाजात सुरळीत चालू लागलं. साहेब खूश होऊन थेट मोरव्याच्या मिठागरावर गेले.

संध्याकाळी रघू दमून घरी आला. त्याच मिठागरावर मजुरी करणारी त्याची बायको मंजुळा उंबऱ्यावर बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"पदरात वाटीभर मीठ बांधताना सायबानं पकडलं. उद्यापासून कामाला येऊ नको म्हनाला."

"अगं, पण तो येतोय हे कळलं नाही?"



"रोज लांबूनच कळतं. आज सायकलीचा आवाजच न्हाय आला."