ब्रेकवरचा पाय

दुपारी दोनच्या सुमारास रक्ताची उलटी झालेल्या एका म्हाताऱ्या शिंपिणीला तिच्या मुलानं अपघात विभागात आणलं. अडीच वाजता तिला मोठ्या इस्पितळात न्यायला गाडी दाराशी येऊन उभी राहिली, आणि सिस्टरनं स्ट्रेचरच्या ब्रेकवर पाय ठेवला.

"गाडी आली," मुलगा म्हणाला. "चला."

"गाडी तयार आहे. आजी तयार नाहीत."

म्हातारीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पुन्हा उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊ नये म्हणून तिला डाव्या कुशीवर वळवलं होतं. हात गार पडले होते. नाडी बारीक होती आणि पळत होती. डाव्या मनगटाच्या एका नाजूक शिरेतून सलाईन थेंब थेंब जात होतं. रक्तदाबाच्या यंत्रानं दोनदा आकडाच दाखवला नाही. तिसऱ्यांदा वरचा सत्तर दाखवला.

डॉक्टर आत एका बाळंतिणीच्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. दाराच्या फटीतून त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "रक्त तिकडेच थांबवता येईल. पाठवायचंच आहे, पण सावरून. कधी, ते तुम्ही ठरवा."

सिस्टरनं ठरवलं होतं. दुसरी शीर मिळाल्याशिवाय नाही.

"पाऊण तासाचा रस्ता आहे," मुलगा म्हणाला. "इथे द्यायला रक्त नाही, डॉक्टर बाहेर यायला तयार नाहीत. मग थांबवताय कशासाठी?"

"ही एक सुई रस्त्यात निसटली तर पळत्या गाडीत मला दुसरी शीर मिळणार नाही. इथे मिळता मिळत नाहीये."

"म्हणजे तुम्हाला जमत नाहीये."

"अजून नाही जमलेलं."

तो खाली वाकला आणि ब्रेकला हात घातला. तिथे तिची चप्पल होती.

"पाय काढा."

"नाही काढणार."

"अहो, जरा ऐका ना त्यांचं," मुलाची बायको म्हणाली.

"तू गप्प बस. सकाळपासून तुझंच ऐकतोय. आधी कपडे बदलू द्या म्हणे."

"ते मी नाही, आई म्हणाल्या. घरातल्या कपड्यांत दवाखान्यात गेले तर माझ्याकडे शिवायला कोण टाकेल, म्हणाल्या. इस्त्रीचं पोलकं काढून घातलं, केस विंचरले. उभ्या राहिल्या आणि कोसळल्या."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"त्याला सांगा," सिस्टर मान न वळवता म्हणाली, "हॉर्ननं शीर फुगत नाही."

मग तिनं सलाईनची पिशवी खांबावरून काढून मुलाच्या हातात दिली. "हात मोकळे आहेत ना? दोन्ही तळव्यांत धरून दाबा. ढिली सोडू नका."

"आईला काही झालं ना, तर मी तुम्हाला बघून घेईन."

"बघा. आत्ता दाबा."

त्यानं दाबली. थेंबांची धार झाली.

म्हातारीची उजवी बाही घट्ट होती. मनगटाशी चार बटणं, वर कापड अंगाला बेतलेलं, कोपरापर्यंत सरकेना. सिस्टरनं कात्री घेतली.

"आईंनी स्वतः शिवलंय ते," सून म्हणाली.

"आणखी एक शिवतील."

कात्रीचं पातं बाहीत शिरलं आणि मास्कच्या आतून आवाज आला. पहिला शब्द कळला नाही. नंतरचे कळले.

"कापडावरून नको. शिवणीवरून काप."

मुलाचे हात थांबले.

"दाबा," सिस्टर म्हणाली, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत शिवणीवरून कापत गेली. दंडाला रबरी पट्टा बांधला. कोपराच्या खळगीत डोळ्यांना काही दिसत नव्हतं. तिनं बोटानं चाचपून सुई घातली. शीर फुटली. कातडीखाली निळं टेंगूळ चढलं. मुलानं ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं. तिनं तिथे कापूस दाबून सुनेला धरायला सांगितलं, पट्टा आणखी वर सरकवला आणि दुसरी, जाड सुई उचलली. ह्या वेळी सुईत रक्त आलं.

दुसरी पिशवी लागली. रक्तदाबाचा वरचा आकडा नव्वदवर येईपर्यंत तिनं ब्रेकवरचा पाय हलवला नाही. मग हलवला, स्वतःच स्ट्रेचर ढकलत गाडीपर्यंत नेलं आणि सोबत चढली.

रस्त्यात म्हातारीला आणखी एक उलटी झाली. ती कुशीवरच होती. मनगटातली सुई दुसऱ्या वळणावर निसटली.

मोठ्या इस्पितळाच्या दारात तिथल्या डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "अडीचलाच निघतोय म्हणून फोन होता. इतका उशीर?"

मुलानं सिस्टरकडे पाहिलं.

"मी थांबवलं होतं," ती म्हणाली.

"आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं."

"असेल. पण ह्याच्या आधी मी निघाले नसते."

स्ट्रेचर आत गेलं. दार मिटलं. मुलगा भिंतीला टेकला. त्याच्या शर्टाच्या बाह्यांवर सलाईनचे आणि रक्ताचे डाग होते.

"मी तक्रार करणार आहे तुमची," तो म्हणाला. आवाज चढवायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"करा. गाडी अडीचला आली आणि मी ती तीनपर्यंत अडवली, असं लिहा. कमी लिहू नका."

ती परतायला गाडीत बसली. तिच्या विभागात आणखी दोन जण आले होते.

सहा वाजता सुनेचा फोन आला. म्हातारी अजून आत होती. रक्त थांबलेलं नव्हतं. नाडी लागत होती.