पहिलं रूप

थेरपिस्टने पाण्याच्या पेल्याचं चित्र मास्तरांसमोर धरलं. "सर, हे काय आहे?"

मास्तरांनी चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग भिंतीकडे. तोंडातून ब्र निघाला नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर त्यांचा हात सुधारला, पाय सुधारला, जीभ तेवढी अडून बसली होती.

मागच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या मास्तरीणबाईंना राहवलं नाही. "ड्रिंक," त्या हळूच म्हणाल्या.

"ड्रँक, ड्रंक!" मास्तर म्हणाले. आवाज खणखणीत, थेट वर्गातला.

"बघा! बोलतात की नाही?"

"काकू, तुम्ही मध्ये बोलायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

बाई गप्प बसल्या, पण त्यांचा चेहरा काही गप्प बसेना. मास्तरांनी उभा जन्म घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या होत्या. क्रियापदांची तीन रूपं मुलांकडून घोकून घ्यायची, शब्दाला पुढे टोपी आणि मागे शेपूट लावून एकाचे चार करून दाखवायचे, हा त्यांचा हातखंडा. पलीकडे स्वयंपाकघरात ते ऐकून बाईंचे कान किटले होते. अर्थ निम्म्यांचाही ठाऊक नव्हता. आता पहिलं रूप बाईंनी म्हणायचं आणि पुढची मास्तरांनी, असा त्यांचा संसार चालला होता. बाईंनी भाजी निवडता निवडता "काइंड" म्हणावं, की आतून आलंच, "काइंडनेस, अनकाइंड!" शेजारी म्हणायचे, सर सुधारले हो.

थेरपिस्टने चित्रं आवरली. मुलगी चांगली होती, म्हणून सरळ बोलली.

"काकू, हे बोलणं नाही. आपण पाढे म्हणतो ना, कुणी सुरुवात करून दिली की जीभ आपली आपण पळते, तसं आहे हे. सरांच्या मनातला एकही शब्द इतक्या महिन्यांत बाहेर आलेला नाही. पुढच्या आठवड्यापासून नका आणू त्यांना. तुमचीच ओढाताण होते."

"म्हणजे कधीच नाही?"

चित्रांना रबर लावण्यात ती जरा जास्तच वेळ रमली.

"मला काही भाषण नको आहे हो त्यांचं," बाई म्हणाल्या. "पुढच्या खोलीतून नुसतं 'अगं' म्हणायचे. खडू संपला, अगं. चष्मा सापडत नाही, अगं. असा वैताग यायचा मला! हातातलं टाकून 'आले हो, आले' करत पळायचं. तेवढं एक आणून द्या. मग खुशाल बंद करा."

थेरपिस्ट उठली. "या," ती म्हणाली, "तुम्हीच विचारून बघा."

बाई तिच्या खुर्चीत बसल्या. समोर मास्तर ताठ, तयार. त्यांचा भांग सकाळी बाईंनीच पाडला होता, तो जरा वाकडा गेला होता. काय विचारावं ते बाईंना सुचेना. मग त्यांनी शिकवणीतल्या त्याच चालीत, पहिलं रूप म्हणतात तसं म्हटलं, "अगं."

आणि थांबल्या.

मास्तरांचे ओठ हलले. बाईंचा सगळा जीव कानांत गोळा झाला. ओठ पुन्हा हलले आणि मिटले. मास्तर या शब्दापाशी अडले होते. घोकंपट्टी न करता आलेल्या मुलासारखे ते बाईंकडे बघून ओशाळं हसले.

"अगं," बाई पुन्हा म्हणाल्या. वर पंखा फिरत होता. थेरपिस्ट खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

तिसऱ्यांदा बाईंनी विचारलं नाही. फार वाईट वाटलं त्यांना, आणि मास्तरांना उगीच परीक्षेला बसवलं म्हणून लाजही वाटली. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी टेकवलेली मास्तरांची काठी आणायला गेल्या. काठी हातात घेऊन क्षणभर तिथेच, दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे खुर्चीत मास्तर गप्प होते.

"आले हो, आले," बाई म्हणाल्या, आणि वळल्या.